पट कोणत्या गावचा पाहावा

मार्गशीर्ष सरत येतो, धानाची चुरणी उरकते आणि वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या शौकिनांपुढे दरवर्षीचा प्रश्न उभा राहतो: यंदा पट कोणत्या गावचा पाहायचा? अलीकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली. पलीकडे देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा. या तालुक्यांत पौष-माघात शंकरपटांच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींच्या, तारखा एकमेकींना भिडतात. वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, चौकात पत्रकं लागतात. वर शंकराची तसबीर, मधे बक्षिसांचे आकडे, खाली रात्रीच्या नाटकाचं नाव. नवखा माणूस बक्षिसाचा आकडा वाचून गाव निवडतो. मी तसं निवडत नाही. का, ते सांगायचं तर पटाचा इतिहास सांगावा लागेल.

मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. बैल तपासणं ही माझी नोकरी, पट पाहणं हा वडिलांकडून आलेला शौक. वडील मालगुजाराकडे सालदार होते आणि वाड्यावरच्या पटाच्या जोडीचं सगळं त्यांच्याकडे होतं. ढेप भिजवणं, अंग चोळणं, पहाटे नदीच्या रेतीतून जोडी चालवून आणणं, नाल मारून घेणं. धावेच्या दिवशी जोडी सुटण्याच्या जागेपर्यंत तेच नेत. भोंग्यावर नाव मात्र मालगुजाराचं पुकारलं जाई. वडिलांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण म्हातारपणी कुठल्याही पटाला गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “जोडी कोनाची, ते सोड. पोसली कोनं?” तो प्रश्न माझ्या डोक्यात कायमचा बसला.

झाडीपट्टीतला, म्हणजे वैनगंगेकाठच्या या आमच्या मुलखातला, पट मालगुजारीच्या छायेत वाढला. नागपूरचं भोसल्यांचं राज्य 1854 साली इंग्रजांनी खालसा केलं, त्यानंतर चांदा जिल्ह्याची जमीनमहसुलाची पाहणी झाली. मेजर ल्यूसी स्मिथचा त्यावरचा अहवाल 1869 चा आहे. या व्यवस्थेत गावाचा वसूल भरणारा मालगुजार गावाचा मालक ठरला. पडीत जमीन त्याची, तलाव त्याचा, गावातला पहिला मान त्याचा. कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांवर धान पिकत होतं, आणि धान घरात आलं की पुढच्या पावसापर्यंत माणसाला नि बैलाला मोकळीक असे. त्या मोकळ्या दिवसांत पट बसला. जागा मालगुजाराची, पाहुण्यांच्या जेवणाचा खर्च त्याचा, रात्रीच्या दंडारीच्या खेळाला आश्रयही त्याचाच. शेजारच्या मालगुजाराची जोडी हरवली, तर वर्षभर त्याचा गाजावाजा होई.

आमच्या रानात हा मान बैलानं घेतला, घोड्यानं नाही. घोडा झाडीच्या कामाचा नव्हता. चिखलणीच्या बांधीत त्याचा उपयोग शून्य, आणि त्याच्या दाण्याचा खर्च सरदाराला झेपणारा. चिमूरच्या घोडा यात्रेत माघ महिन्यात बालाजी घोड्यावर बसून निघतो, तो घोडाही लाकडाचा. पुण्याकडे बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतात, तशी रीत इथे रुजली नाही. मुंबईला महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 पासून आहे, पुण्याचं त्याहून जुनं, 1830 चं. तिथला शौकीन छापील वेळापत्रक बघून जातो. आमच्याकडे वेळापत्रक धान ठरवतं. पाऊस लांबला, चुरणी लांबली, तर पटही लांबतो.

31 मार्च 1951 रोजी मालगुजारी गेली. तेव्हा आमचा मुलूख मध्यप्रदेशात होता, मुंबई राज्यात आम्ही आलो ते 1956 साली. काही गावांत वाड्याबरोबर पटही संपला. पण बऱ्याच गावांनी तो उचलून धरला. मंडळं झाली, घरोघर वर्गणी मागितली गेली, ज्याच्या अंगणात कधी पाहुणा उतरला नव्हता त्याच्याही घरी पाहुणे उतरू लागले. वडिलांच्या हयातीतला सगळ्यात मोठा बदल कोणता, असं मला कुणी विचारलं, तर मी वीज किंवा सडक सांगणार नाही, हा सांगेन. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बैलांची जोडी पटात उतरवली ती या काळात. बैल गावठी, बुटके, चिखलात राबलेले. पहिल्याच फेरीत मागे पडले. भोंग्यावर मात्र वडिलांचं नाव पुकारलं गेलं.

ते बैल ज्या वाणाचे होते, त्याला आता कठाणी म्हणतात. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडेच त्याची स्वतंत्र नोंद केली. अंगानं लहान, खुरानं कणखर, धानाच्या गाळात न रुतणारा. पळायला तो जन्मलेला नाही. पळणारा बैल म्हणजे गवळाऊ, वर्ध्याकडे आर्वीच्या भागातला, पांढरा, हलक्या हाडाचा, लांब टांगेचा. भोसल्यांच्या फौजेला जलद वाहतुकीसाठी असाच बैल लागत असे. पश्चिमेकडून खिल्लारही येऊ लागला. अशा पळणाऱ्या बैलांचा, कृषक सुधारक मंडळाचा पट अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला भरतो. तिथे जोडी घड्याळावर धावते आणि सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो. बायकाही धुरकरी म्हणून जोडी हाकतात. तळेगावला एकदा तरी जाऊन यावं, असं मी प्रत्येक शौकिनाला सांगतो. भंडाऱ्याकडे लाखनीचं नाव मोठं आहे. पण नेहमीसाठी गाव निवडायचं असेल तर मी झाडीतच निवडतो. इथे एकीशेजारी एक दोन वाटा आखून दोन जोड्या एकाच वेळी सोडतात. कोण पुढे, ते बांधावरच्या शेवटच्या म्हातारीलाही दिसतं.

गावी पोचलो की मी आधी जमीन बघतो. पटाची वाट धानाच्या बांध्यांतून काढावी लागते. मधले बांध फोडायचे, धसकटं उपटायची, दगड वेचायचे, पाणी शिंपून माती बसवायची. आमच्याकडे धान उभं असतानाच ओलीत लाखोळी फेकतात, म्हणजे कापणीनंतर त्याच बांधीत दुसरं पीक मिळतं. ज्यानं पटाला बांधी दिली, त्यानं त्या वर्षीची लाखोळी सोडली. फुटलेले बांध पावसाआधी परत घालून द्यायचं काम गावाचं. हे सगळं नीट झालेलं दिसलं, तर त्या गावात पट सगळ्यांचा आहे, असं मी समजतो. वाट ओबडधोबड आणि मांडव मात्र झगमगीत असेल, तर समजावं की पैसा बाहेरून आलाय आणि गाव नुसतं बघायला उभं आहे.

मग बैल. नोकरीत मी जे पाहिलं ते लपवून पटाची बाजू मांडणं मला जमणार नाही. पटाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या बैलांच्या पुठ्ठ्यांवर तुतारीच्या, म्हणजे हाकायच्या काठीच्या, टोकदार आरेची भोकं असत. पिरगाळून मोडलेली शेपटी हातानं चाचपली की हाडाचा सांधा कुठे सुटलाय ते कळतं. डोळ्यात तिखट, पोटात दारू, हेही पाहिलं. खांदेसूज असलेला बैल जुवाखाली घातलेला पाहिला. सगळीकडे असं होत होतं, असं नाही. पण जिथे होत होतं तिथे कुणी बोलत नव्हतं.

केंद्रानं जुलै 2011 मध्ये बैलाला, ज्यांच्याकडून खेळ करवून घ्यायला मनाई आहे अशा प्राण्यांच्या यादीत घातलं. मग 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही थांबवल्या. महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयात तो अडकला. शर्यतींना परवानगी मिळाली 16 डिसेंबर 2021 रोजी, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्यांचे कायदे कायम ठेवले.

मधल्या सात-साडेसात वर्षांत आमच्याकडे काय झालं, ते निकालपत्रांत सापडणार नाही. पटाच्या तारखेला काही गावांनी कबड्डीचे सामने घेतले, काहींनी नुसतीच मंडईची जत्रा भरवली. दिवसाचा पट गेला तेव्हा रात्रीचं नाटकही काही गावांतून गेलं, कारण पाहुणे कमी झाले. झाडीपट्टीचं नाटक या पाहुण्यांवर उभं आहे. वडशात नाटक मंडळींची कार्यालयं आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत ती गजबजलेली असतात. बांधीत उतरता खड्डा खणायचा, निघालेल्या मातीचाच मंच करायचा, भोवती कनात लावायची आणि रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालवायचं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांनी या रंगभूमीचं नाव ऐकलं. आम्ही तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जागतोय. सोयरिकीही इथेच जुळतात. मुलगी दाखवायचा कार्यक्रम कुणी वेगळा करत नसे, पटाला सगळं गणगोत आलेलं असे.

बंदीच्या काळात बैलांचं काय झालं, ते मी दवाखान्यात बसून पाहिलं. ज्यानं हौसेनं गोऱ्हा वाढवला होता त्याला गिऱ्हाईक मिळेना. ट्रॅक्टर तोवर बांधीत शिरला होता. शेतीला बैल नको, पटाला बैल चालत नाही, मग दावणीला बांधून खाऊ घालायचं कशासाठी? बाजारात गेलेल्या जोड्या पुढे कुठे गेल्या, ते सांगायला नको. बैलावर दया म्हणून जी बंदी आली, तिच्यात आमच्या भागातले बरेच बैल दावणीवरूनच गेले. तरीही बंदी चूक होती, असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळे तुतारी हातातून सुटली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते, धाव 1000 मीटरच्या वर नेता येत नाही, काठी-चाबूक-आर चालत नाही. ही बंधनं शौकिनांनी स्वतः पन्नास वर्षांपूर्वी घालून घ्यायला हवी होती.

परवानगी परत आल्यावर पट परतला, पण तो तसाच परतला नाही. बक्षिसांचे आकडे फुगले. दूरच्या जिल्ह्यांतून मालवाहू गाड्यांत जोड्या उतरतात, धावतात, बक्षीस घेऊन रात्रीतच पुढच्या पटाला जातात. त्यांचे धुरकरी कसबी आहेत आणि त्यांचे बैल देखणे आहेत, यात वाद नाही. पण काही ठिकाणी गावच्या जोड्यांना दुपारच्या उन्हात कशाबशा पळवून मोकळं करतात, आणि काही ठिकाणी त्यांचा गटच ठेवत नाहीत. मालगुजाराच्या काळी जे होतं तेच मग फिरून येतं: जमीन गावाची, राबणूक गावाची, नाव दुसऱ्याचं.

म्हणून माझा नेम असा आहे. पत्रकावर गावच्या शेतकऱ्यांच्या जोड्यांसाठी वेगळा गट आणि वेगळं बक्षीस लिहिलं असेल तर त्या गावी जायचं. बक्षीस लहान असलं तरी जायचं. तो गट नसेल, तर रक्कम कितीही असो, जायचं नाही. दोन गावांत तसा गट असेल, तर जिथे तपासणीचं टेबल मांडवात सगळ्यांसमोर लावतात तिथे जायचं. तरीही ठरत नसेल, तर मात्र रात्रीचं नाटक बघून ठरवतो, त्यात काही वावगं नाही.

पाहायला येणार असाल तर पौष-माघात या. गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा आणि नागभीड ही दोन स्थानकं सोयीची आहेत. नागपूर-नागभीडची जुनी छोटी गाडी 2019 मध्ये बंद झाली, पण नागपूरहून बसनं येता येतं. गावात ओळख नसली तरी उपाशी राहणार नाही, पटाच्या दिवशी झाडीत पाहुण्याला नाव विचारायच्या आधी जेवायला बसवतात. धावेच्या वाटेला कडेनं उभे राहा, शेवटाला समोर उभे राहू नका, सुटलेली जोडी लगेच थांबत नाही. कुणाच्या हातात आर लावलेली काठी दिसली तर मंडळाला जाऊन सांगा, आणि त्यांनी ऐकलं नाही तर पुढच्या वर्षी त्या गावी जाऊ नका. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडचं रान वाघांचं आहे, रात्री दुचाकीवर परतायचं धाडस करू नका. नाटक पहाटेपर्यंत चालतं, तोवर बसा आणि उजाडल्यावर निघा.