भूतदया आणि माणूस : चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील प्राणिरक्षणाचा एक ऐतिहासिक विचार

मुक्या प्राण्यांविषयीची करुणा हा आपल्या संस्कृतीचा जुना वारसा समजला जातो. परंतु करुणेला चळवळीचे, संस्थेचे आणि कायद्याचे रूप आले म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाने तिला दोन प्रश्न विचारणे अगत्याचे होते. प्राण्यांना होणाऱ्या कोणत्या पीडेस ती क्रौर्य म्हणते, हा पहिला. आणि प्राण्याची बाजू घेताना ती कोणत्या माणसास प्राण्याच्या पंक्तीस बसवते, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नास वांशिक तुच्छतेचे जसे अंग आहे, तसेच धडधाकट देहालाच माणुसकीचे माप मानणाऱ्या वृत्तीचेही आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते व १९६४ पूर्वी त्या जिल्ह्याचे नाव चांदा होते. या वनप्रदेशात उपर्युक्त दोन्ही अंगांचा इतिहास शेजारी शेजारी घडला आहे. त्याची संगती लावण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. शिकार आणि गुन्हा

१८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील शिकार, मासेमारी, फासे व सापळे लावणे यांवर सरकारी नियमांचे नियंत्रण आणले. १९२७ च्या कायद्याने तीच चौकट पुढे चालविली. या व्यवस्थेत परवाना असलेली बंदूक वैध आणि गोंड-माडियांचा फास अवैध ठरला. ज्या राजवटीने ही व्यवस्था घातली, तीच वाघ मारणाऱ्यास बक्षीसही देत असे. म्हणजे प्रश्न वाघाच्या प्राणाचा नव्हता, तो कोणी घ्यावा याचा होता.

प्राणिदयेच्या कायद्याची मर्यादाही अशीच बोलकी आहे. १८९० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा पाळीव अथवा पकडलेल्या प्राण्यांपुरताच होता. ओझ्याखाली बैल वाकविणारा गाडीवान त्याच्या कक्षेत येई. गोळीने जखमी झालेले श्वापद झुडपात तडफडत ठेवून तंबूत परतणारा साहेब येत नसे. क्रौर्य हा गरिबाचा दुर्गुण आणि शिकार हा श्रेष्ठांचा मर्दानी खेळ, अशी वाटणी कायद्यातच झाली होती. आपल्या भाषेनेही तिला हातभार लावला, कारण ‘जंगली’ हे एकच विशेषण आपण श्वापदास आणि जंगलात राहणाऱ्या माणसास लावत आलो.

वस्तुतः या माणसांचा प्राण्यांशी असलेला संबंध केवळ भक्ष्य-भक्षकाचा नव्हता. गोंडांच्या अनेक कुळांना आपले कुळचिन्ह असलेला प्राणी मारणे किंवा खाणे निषिद्ध आहे. वाघाशी झुंजताना मृत्यू पावलेला गावप्रमुख तारू हा देव झाला, अशी परंपरा आहे. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडले, आणि तलावाकाठच्या त्याच्या ठाण्याशी पौष महिन्यात यात्रा भरत आली. येथे वाघ द्वेषाचा विषय नाही, आणि त्याने मारलेला माणूसही विसरला गेलेला नाही. या परिसरात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली, १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे गाभाक्षेत्रातील बोटेझरी, नवेगाव, जामणी अशा गावांचे पुनर्वसन करण्यात आले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साहेबी शिकारीचाही शेवट केला, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. परंतु या समानतेत एक विषमता दडलेली आहे. एकाचा त्यामुळे खेळ थांबला, दुसऱ्याच्या ताटातले अन्न गेले. कायदा करणाऱ्यांस हा भेद ठाऊक नव्हता असेही नाही. निकोबारच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क त्याच कायद्याने अबाधित ठेवले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज व सामूहिक वनसंसाधने यांवरील हक्क मान्य केले, २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास असा सामूहिक हक्क मिळाला. मात्र शिकारीचा हक्क या कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळला आहे. शिकार पुन्हा सुरू व्हावी, असा याचा अर्थ नाही. प्राणिरक्षणाचा भार कोणी किती उचलला, याचा हिशेब चळवळीच्या इतिहासात क्वचितच मांडला जातो, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

२. पंगू देह आणि करुणेचे माप

आता दुसरे अंग. प्राणिहक्कांच्या आधुनिक तत्त्वविचारात पीटर सिंगर यांचा १९७५ चा ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ हा ग्रंथ मूलभूत मानला जातो. बुद्धी हेच जर हक्काचे प्रमाण, तर बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसापेक्षा काही प्राणी सरस ठरतात. मग त्या माणसास वाचवून प्राण्यास मारणे न्याय्य कसे, असा त्यातील युक्तिवादाचा एक धागा आहे. हेतू प्राण्यास वर उचलण्याचा आहे. परंतु त्यासाठी अपंग माणूस दाखल्यादाखल वापरला जातो. स्वतः अपंग असलेल्या सुनौरा टेलर यांनी २०१७ च्या आपल्या ग्रंथात यावर आक्षेप घेतला. बुद्धी आणि धडधाकटपणा यांना मोल ठरविण्याचे माप मानणारी दृष्टीच अपंगांना आणि प्राण्यांना एकत्र हीन ठरविते, तेव्हा मापच बदलले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हा वाद परदेशी ग्रंथांतला वाटेल, पण चांदा जिल्ह्यात तो प्रत्यक्ष जगण्यात उभा राहिला होता. पंगू व म्हाताऱ्या जनावरांसाठी पांजरपोळ काढणे हे आपल्या समाजात पुण्यकर्म होते. त्याच समाजात १८९८ च्या कायद्यान्वये निराधार कुष्ठरोग्यास वॉरंटाशिवाय पकडून डांबता येत असे. हा कायदा २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता. मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी १९४९ मध्ये वरोड्याजवळ आनंदवन स्थापिले, तेव्हा पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय एवढे त्यांचे भांडवल होते, असे सांगितले जाते. या यादीत लंगडी गाय आणि झडलेल्या बोटांची माणसे एका कुटुंबाची घटक आहेत. गाय दयेचा विषय आणि माणूस किळसेचा, ही उतरंड तेथे मोडली. त्या माणसांनी दगडाळ जमिनीत विहिरी खणल्या, शेती पिकविली.

तथापि अभ्यासकाने येथेही थांबून विचार करावा. श्रमाने प्रतिष्ठा मिळते हे तत्त्व भिक्षेपेक्षा निश्चित उच्च आहे. पण ज्याचे शरीर श्रमही करू शकत नाही, त्याची प्रतिष्ठा कशाने ठरावी, हा प्रश्न त्याने सुटत नाही. बुद्धीच्या मापाऐवजी श्रमाचे माप आले, तरी ते मापच राहते.

३. हेमलकशाचा दाखला

आनंदवनाच्याच प्रेरणेने डिसेंबर १९७३ मध्ये भामरागड परिसरात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माडियांमध्ये वैद्यकीय सेवा करू लागले. एकदा शिकारीहून परतणाऱ्या माडियांजवळ मारलेली माकडीण आणि तिला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉक्टरांना दिसले. त्यांनी ते पिल्लू मागून घेतले. पुढे असे अनाथ झालेले प्राणी लोक स्वतः आणून देऊ लागले, आणि त्यांतून तेथील प्राणी-अनाथालय उभे राहिले.

या घटनेचे महत्त्व तिच्या क्रमात आहे. आधी दवाखाना, मग १९७६ मध्ये शाळा, शेतीचे शिक्षण आणि त्यांच्या जोडीने प्राण्यांचा सांभाळ, असा तो क्रम होता. शिकारी क्रूर आहे असे न म्हणता तो भुकेला आहे, असे येथे गृहीत धरले गेले. त्यामुळे शिकाऱ्याला वगळून नव्हे, तर त्याच्याच हातून प्राणी वाचले. तरीही एक सावधगिरी आवश्यक आहे. ही हकीकत आपणांस प्रामुख्याने डॉक्टरांच्या बाजूने कळते. माडियांची शिकारीविषयीची स्वतःची समज, तिचे विधिनिषेध आणि ती सोडताना त्यांनी केलेला विचार, हे त्यांच्या शब्दांत नोंदले गेल्यावाचून हा इतिहास एकांगीच राहील.

४. नाव आणि संख्या

अलीकडील काळात हा प्रश्न शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात तीव्रतेने पुढे आला. पांढरकवडा-राळेगाव भागातील १३ माणसांच्या मृत्यूस कारण मानलेल्या टी-१ वाघिणीस ठार करण्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये नकार दिला. २ नोव्हेंबर रोजी ती मारली गेली. शहरांतून निषेध झाले, गावांतून फटाके वाजले. तिला ज्या रीतीने मारण्यात आले, त्याविषयी प्राणिप्रेमींनी उपस्थित केलेले कायदेशीर प्रश्न रास्त होते. परंतु त्या आंदोलनात वाघिणीस ‘अवनी’ हे नाव होते, मृत शेतकरी व गुराखी मात्र तेरा ही केवळ संख्या होती. गावकऱ्यांच्या आनंदास रानटीपणा म्हणणे सोपे होते. दोन वर्षे सायंकाळी शेतावरून परतण्याची भीती समजून घेणे कठीण होते. २०२२ मध्ये गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा भागात तेवढ्याच मृत्यूंशी जोडलेला सीटी-१ हा वाघ वडसा वनविभागात जिवंत पकडण्यात आला. वाघ आणि माणूस यांपैकी एकच निवडावा लागतो असे नाही, हे त्यावरून दिसते.

५. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, प्राणिरक्षणाची चळवळ माणसांतील उच्चनीचतेच्या बाहेर कधीच नव्हती. शिकारीच्या कायद्यांत, पांजरपोळ व कुष्ठधामांच्या तुलनेत आणि आजच्या निषेधसभांत ती उच्चनीचता निरनिराळ्या वेषांत दिसते. यामुळे प्राण्यांविषयीची करुणा खोटी ठरत नाही. जंगलात राहणाऱ्यास जंगली आणि पंगूस अपुरा मानणाऱ्या पायावर ती टिकत नाही, एवढे मात्र सिद्ध होते. या विषयाचा पुढील अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने वनगुन्ह्यांची दप्तरे व शिकारीची परवानापत्रे एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत, आणि माडिया, कोलाम व कुष्ठमुक्त वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात. तारूच्या ठाण्याशी वाघ आणि वाघाने मारलेला माणूस या दोघांचेही स्मरण एकत्र राहिले आहे. प्राणिरक्षणाचा इतिहास लिहिताना तेवढी व्यापक दृष्टी आपणही ठेवावयास हवी.