शिरूरचं नाव, कावेरीचा मासा

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. त्याचं सरकारी काम आकडेवारीचं होतं, म्हणजे दख्खनची पिकं, पाऊस, माणसं मोजायची. हा गडी मोजता मोजता पक्षी आणि मासेही गोळा करत सुटला. १८३९ साली दख्खनच्या माशांवरचं त्याचं लेखन लंडनमध्ये छापून आलं. त्यात त्याने नव्या माशांना नावं देताना फार डोकं चालवलं नाही. नदीकाठचे लोक जे म्हणत तेच लॅटिनच्या शेपटीला बांधून टाकलं. त्यामुळे जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या यादीत आजही नुक्ता आहे, कोळस आहे, शिंघाळा आहे. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका महसीरचं नाव त्याने ठेवलं खुद्री. आणि शिरूरला घोड नदीत मिळालेल्या दुसऱ्या एका माशाचं नाव मुसल्ला.

माझं आजोळ शिरूरचं. तिथे आजही निम्मे लोक गावालाच घोडनदी म्हणतात. या नदीचं नाव मी पुन्हा वाचलं ते बंगळुरूत, कावेरीच्या एका माशाबद्दलच्या रिसर्च पेपरमध्ये. मी डेटा इंजिनिअर आहे. दोन याद्यांमधली एकच गोष्ट वेगळ्या नावाने पडलेली असली किंवा दोन गोष्टी एका नावाखाली गेल्या असल्या, तर काय घोळ होतो हे मी रोज बघतो. पण त्या घोळात एखादा जीव संपायला येतो, हे काही आमच्या ऑफिसात होत नाही.

तो मासा म्हणजे कावेरीचा कुबडवाला महसीर. भगव्या झाकेचे पर, डोक्यामागे उंच उठलेली पाठ, आणि आकार असा की पकडणाऱ्याला दोन्ही हातांनी नीट उचलता येऊ नये. १९४६ साली म्हैसूरच्या प्रसिद्ध व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा महसीर गळाला लावला. हे घराणं वाघ-बिबट्यांची कातडी भरून देणारं. राजेरजवाडे त्यांचं गिऱ्हाईक. गळाने पकडलेल्या महसीरचा तो आकडा अजून मोडलेला नाही. साहेबांची शिकारीची हौस स्वातंत्र्यानंतर थंडावली आणि हे मासे गोष्टींतच उरलेत असं बऱ्याच जणांना वाटू लागलं. मग १९७८ साली तीन तरुण इंग्रज गळ घेऊन भारतभर हिंडले आणि कावेरीवर त्यांना पुन्हा राक्षसी मासे लागले. एक ९२ पौंडांचा.

त्यानंतर भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गलिबोरे असे कॅम्प उभे राहिले. बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर, जंगलातून वाहणारी कावेरी. नियम एकच: मासा पकडा, वजन करा, फोटो काढा, सोडून द्या. आमिष काय, तर शिजवलेल्या नाचणीचा गोळा! (परदेशी पाहुणे हजारो मैलांवरून यायचे आणि मासा आपला मुद्द्याच्या गोळ्यावर खूष.) जे लोक पूर्वी नदीत सुरुंग फोडून मासे मारायचे, त्यांच्यातलेच काही या कॅम्पवर वाटाडे म्हणून पगारावर आले. जिवंत मासा मेलेल्यापेक्षा जास्त पैसे देतो हे त्यांना कुणी भाषण करून शिकवावं लागलं नाही.

आता लोणावळ्याला येऊ. खोपोलीच्या वीजघरासाठी टाटांनी बांधलेल्या तलावांपैकी वळवणच्या तलावाकाठी १९७० च्या सुमारास महसीरची पैदास सुरू झाली. धरणांनी नद्या अडल्या, महसीर कमी होत चालला होता, आणि कंपनीला तो वाचवायचा होता. मादीच्या पोटावरून हात फिरवून अंडी काढायची, त्यावर नराचं वीर्य सोडायचं, ट्रेमध्ये वाहत्या पाण्याखाली पिल्लं उबवायची. हे तंत्र तिथे इतकं जमलं की लाखांनी पिल्लं तयार झाली आणि वेगवेगळ्या राज्यांत वाटली गेली. हा मासा म्हणजे साइक्सचा खुद्री, निळसर पराचा, मुळा-मुठेचा. त्या काळात महसीर म्हणजे महसीर असाच समज होता. कावेरीतही तो सोडला गेला. तिथल्या हौशी मच्छीमार संस्थांना आपली नदी भरलेली हवी होती, यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

गलिबोरेच्या कॅम्पवर एक वही होती. कोण आलं, किती तास गळ टाकला, कोणता मासा, किती वजन. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी पुढे अभ्यासकांनी एकत्र केल्या: सहा हजारांहून जास्त मासे. २०१५ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. खुद्री वर्षागणिक वाढत गेला. कुबडवाला घटत गेला, पण जे मिळत होते त्यांचं सरासरी वजन मात्र वाढत होतं. वरवर बघितलं तर ही चांगली बातमी वाटेल. तसं नव्हतं. लहान मासे येणंच बंद झालं होतं. उरले होते ते म्हातारे. गावात फक्त आजी-आजोबा उरावेत आणि शाळा बंद पडावी, तसं.

मग मोठाच पेच आला. या माशाला वाचवायचं तर धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याचं नाव घालायला हवं, आणि त्याला नावच नव्हतं. जुन्या पुस्तकांत कावेरीच्या या राक्षसाला कित्येक वर्षं मुसल्ला म्हणत आले होते, म्हणजे आमच्या शिरूरच्या माशाचं नाव. पण मुसल्ला हा महसीरच नाही, तो वेगळाच मासा आहे हे नंतर लक्षात आलं. जगप्रसिद्ध मासा, दीडशे वर्षं फोटोंत, भिंतीवरच्या ट्रॉफ्यांत, आणि कागदावर उसना मराठी कोट घालून बसलेला.

उत्तर मोयार नदीत मिळालं. निलगिरीच्या उतारावरून वाहणारी ही नदी भवानीमार्गे कावेरीला मिळते. जंगल दाट, हत्तींचा वावर, पोचणं अवघड. म्हणूनच मासा टिकला असावा. तिथे मिळालेले नमुने केरळातल्या पांबार नदीतून २००७ साली नोंदवलेल्या टॉर रेमादेवी या जातीशी जुळले. पांबारचं पाणीही शेवटी कावेरीतच जातं. के. रेमा देवी या भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातल्या मत्स्यशास्त्रज्ञ, त्यांच्यावरून हे नाव. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरला अकरा वर्षं नाव होतं, फक्त ते त्याचं आहे हे माहीत नव्हतं. २०१८ मध्ये दोन्ही जोडले गेले, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला.

मागच्या हिवाळ्यात दोन मित्रांबरोबर मी भीमेश्वरीला गेलो होतो. गळ न घेता, कारण अभयारण्याच्या हद्दीतली हौशी मासेमारी २०१२ मध्ये बंद झाली. वन्यजीव कायद्याने ती शिकारीत मोडते. कायद्याचं तर्कशास्त्र मला समजतं, पण पकडून सोडणाऱ्याला आणि सुरुंग फोडणाऱ्याला एकाच ओळीत बसवणं पटत नाही. आम्हाला टोपलीसारख्या गोल नावेतून फिरवणारा माणूस पूर्वी कॅम्पवर वाटाड्या होता. खुद्रीला तो माझ्या मोडक्या कन्नडला कळेल अशा भाषेत ‘बाहेरचा’ म्हणाला. मी पुण्याकडचा आहे हे कळल्यावर हसून म्हणाला, तुमच्याकडचाच की. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रात्री पहारा द्यायला आता कुणी नसतं, आणि कधीकधी लांबून स्फोटाचा आवाज येतो.

मी त्याला कुबडवाल्याबद्दल विचारलं. शेवटचा कधी बघितला? त्याने वल्हं पाण्यात तसंच धरून थोडा विचार केला आणि सांगितलं, वही होती तेव्हा लिहून ठेवत होतो सर, आता कोण लिहितं.