संपादन : एका क्रियापदाची पेण-रोह्यातली कथा

दिवाळी अंकाच्या वाचकाला ‘संपादन’ हा शब्द पहिल्या पानावरच भेटतो. पेण तालुक्यातल्या शेतकऱ्याला तो भेटतो भूसंपादनाच्या नोटिशीवर. या दुसऱ्या भेटीमागे ‘अ‍ॅक्वायर’ हे इंग्रजी क्रियापद उभे आहे.

त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘शोधणे’ हा धातू आहे. इंग्रजीत ज्ञान, सवय, मालमत्ता सगळेच ‘अ‍ॅक्वायर’ करता येते. वस्तू मिळाली एवढेच ते सांगते. विकत मिळाली, बक्षीस मिळाली की हिसकावली, याबद्दल मौन. कायद्याला असले मौन सोयीचे पडते. अमेरिकेच्या राज्यघटनेतली १७९१ची पाचवी दुरुस्ती खासगी मालमत्तेबाबत सरळ ‘घेणे’ म्हणते. आपल्याकडे १८५७, १८७० आणि १८९४च्या कायद्यांनी ‘अ‍ॅक्वायर’ रुजवले. १८९४च्या कायद्यात जमीन, कंपनी, सार्वजनिक प्रयोजन यांच्या व्याख्या आहेत, ‘अ‍ॅक्वायर’ची नाही. सक्तीची कबुली येते ती तेविसाव्या कलमात, तीही मोबदल्याच्या हिशेबात : संपादन सक्तीचे म्हणून बाजारभावावर शेकडा १५ जादा. १९८४ साली ते ३० झाले. मराठीत याला ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. दिलासा कोणाला द्यावा लागतो, हे सांगायला नको.

‘संपादन’ या प्रतिशब्दाने तर मामला आणखी गोड केला. विद्या संपादन करतात, विश्वास संपादन करतात. त्यात कष्ट असतात, पुण्याईही असते. नोटिशीत ही सगळी प्रतिष्ठा आयती सरकारला मिळते.

गावची बोली मात्र या शब्दाच्या वाटेला जात नाही. रोह्याजवळच्या धाटावची गोष्ट निघाली, तर ‘आमची जमीन एमआयडीसीत गेली’ असेच म्हटले जाईल. सरकारी वाक्यात कर्ता सरकार, गावच्या वाक्यात कर्ता जमीन. जो ती कसत होता तो ‘आमची’ या षष्ठीपुरता उरतो.

त्याला कर्तेपण मिळाल्याचा एक दिवस नोंदवायला हवा. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देण्याच्या प्रश्नावर शेतकऱ्यांचे मतदान घेतले गेले. ‘संपादन’ बाजूला पडून प्रश्न ‘देणे’ या क्रियापदावर आला आणि देणारा नकार देऊ शकतो हे उघड झाले. पुढे ते संपादन बारगळले.

‘देणे’ या क्रियापदाचा सर्वांत मोठा भाष्यकार याच तालुक्यातला, हा योगायोग मला मोलाचा वाटतो. विनोबा भावे १८९५ साली, म्हणजे तो कायदा झाल्यानंतरच्या वर्षी, गागोद्यात जन्मले. १९५१ मध्ये पोचमपल्लीहून भूदान सुरू झाल्यावर ते शंकराचार्यांचा आधार घेऊन सांगत, की दान म्हणजे भीक किंवा उपकार नव्हे, सम्यक वाटणी. भूदानातल्या कित्येक जमिनी नापीक निघाल्या, कित्येक कागदावरच राहिल्या, ही टीका खरीच आहे. तरी त्या वाक्यात जमीनवाला माणूस दिसत होता.

२०१३च्या कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली आणि दिलासा रक्कम शेकडा १०० वर नेली. नावात मात्र ‘भूमिसंपादन’ कायम आहे.