कोलकात्याचा कंटेनर युरोपला जाताना आधी कोलंबोला का थांबतो?

कोलकाता बंदरातून युरोपला निघालेला कंटेनर सहसा थेट युरोपला जात नाही. आधी तो फीडर म्हणजे छोट्या जहाजाने कोलंबो किंवा सिंगापूरला पोहोचतो आणि तिथे मोठ्या 'मदर व्हेसल'वर चढतो. यालाच ट्रान्सशिपमेंट म्हणतात. गावातून वडापने तालुक्याला यायचं आणि तिथून मुंबईची एसटी पकडायची, तसंच. फक्त हा स्टँड परदेशात आहे आणि चढउतारीचे पैसेही तिकडेच जातात.

कारण साधं आहे, पाण्याची खोली. सर्वात मोठ्या कंटेनर जहाजांना साधारण 16-17 मीटर पाणी लागतं. कोलकाता तर हुगळी नदीवरचं, गाळाचं बंदर. कोलंबो मात्र पूर्व-पश्चिम सागरी मार्गाला अगदी लागून आहे. सरकारी माहितीनुसार भारताच्या ट्रान्सशिपमेंट मालापैकी सुमारे 75 टक्के माल परदेशी बंदरांवर हाताळला जात होता. (लक्षात घ्या, हे एकूण मालाच्या 75 टक्के नाहीत! न्हावा शेवाहून अनेक थेट सेवा आहेत.)

दुसरी अडचण होती कॅबोटाजची. देशातल्या दोन बंदरांमध्ये माल नेण्यासाठी परदेशी जहाजांना परवाना लागायचा. मे 2018 मध्ये आयात-निर्यातीच्या आणि रिकाम्या कंटेनरसाठी ही अट काढली. भारतीय जहाजमालकांना ते रुचलं नाही. पण नियम बदलून समुद्र खोल होत नाही. त्यासाठी केरळमधल्या विळिंजमची वाट पाहावी लागली. तिथे नैसर्गिक खोलीच 18-20 मीटर आहे. मे 2025 मध्ये बंदराचं औपचारिक उद्घाटन झालं आणि जूनमध्ये 24,346 टीईयू क्षमतेचं 'एमएससी इरिना' तिथे लागलं. (20 फुटी एक कंटेनर म्हणजे एक टीईयू.)

आता पाळी पालघरच्या वाढवणची. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली. त्यासाठी समुद्रात 1,448 हेक्टर भराव टाकला जाणार आहे. 1998 मध्ये डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने इथे बंदर नाकारलं होतं, 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली. डहाणूच्या मच्छीमारांचा प्रश्न मात्र तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे: भराव पडेल तिथे आमची जाळी पडतात, मग आम्ही जायचं कुठे? भरपाईची बोलणी होतात, पण मासेमारीची जागा पैशात कशी मोजणार, यावर किनाऱ्यावरच्या गावांचं समाधान झालेलं नाही.