पार्ट, आर्व्हो
(११ सप्टेंबर १९३५–   ). विख्यात एस्टोनियन संगीतरचनाकार. जन्म पाइदे येथे. बालपण राक्वेरे या गावी गेले. घरच्या जुन्या पियानोच्या मधल्या पट्ट्या नादुरुस्त असल्याने तो मंद्र व तार सप्तकांतच आपले प्रयोग करीत असे, असे सांगतात. टॅलिनच्या संगीत महाविद्यालयात हाइनो एलर याच्याकडे शिकून तो १९६३ मध्ये पदवीधर झाला. शिक्षण चालू असतानाच एस्टोनियन नभोवाणीवर त्याने ध्वनिमुद्रण-तंत्रज्ञाची नोकरी धरली होती (१९५८–६७).

एस्टोनिया त्या वेळी सोव्हिएट संघराज्याचा घटक होता आणि पश्चिमी आधुनिक संगीताकडे तेथील सत्ताधारी संशयाने पाहत. पार्टच्या ‘नेक्रोलॉग’ (१९६०) या वाद्यवृंदरचनेत द्वादशस्वर-पद्धतीचा अवलंब होता. एस्टोनियन संगीतातील ही अशी पहिलीच रचना. तिच्यावर अधिकृत वर्तुळातून कठोर टीका झाली. त्याच पार्टला १९६२ मध्ये मॉस्को येथे मुलांसाठी लिहिलेल्या ‘मेये आएद’ (आमची बाग) या कँटाटासाठी व एका ऑरेटोरिओसाठी पारितोषिक मिळाले. शाबासकी आणि ठपका यांच्या या खेळाचा शेवट ‘क्रेदो’मुळे (१९६८) झाला. पियानो, वृंदगान व वाद्यवृंद यांसाठीच्या या रचनेत बाखच्या सी मेजर प्रेल्यूडचे शांत स्वर द्वादशस्वरांच्या कोलाहलात चिरडले जातात आणि अखेरीस पुन्हा वर येतात. नीमे यार्वीच्या संचालनाखाली टॅलिनमध्ये ती सादर झाली, तेव्हा श्रोत्यांनी ती उचलून धरली; परंतु येशू ख्रिस्तावरील श्रद्धेचा त्यातील उघड उच्चार राज्यकर्त्यांना खपला नाही. ‘क्रेदो’चे प्रयोग बंद पडले.

यानंतरची सुमारे आठ वर्षे पार्टचा मौनकाळ म्हणून ओळखली जातात. या मौनाला केवळ सरकारी रोषच कारण होता, असे मानणे चुकीचे ठरेल. उसन्या तंत्रांवरचा त्याचा स्वतःचा विश्वासही उडाला होता. चित्रपटांना संगीत देऊन तो चरितार्थ चालवीत होता. मध्ययुगीन ग्रेगोरियन गान व प्रबोधनकालीन बहुस्वनी संगीत यांचा त्याने नव्याने अभ्यास आरंभिला. बायबलमधील स्तोत्र वाचावे आणि लगेच मनात येईल ती एकेरी स्वररेषा लिहीत जावे, अशा सरावाने त्याने वह्या भरल्या. १९७२ मध्ये त्याने ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला. या काळातील ‘तिसरी सिंफनी’ (१९७१) ही संक्रमणकालीन रचना होय.

‘फ्युअर आलिना’ (आलिनासाठी, १९७६) या छोट्याशा पियानोरचनेने मौन सुटले. तीतून प्रकटलेल्या पद्धतीस त्याने ‘टिंटिनाबुली’ (लहान घंटा) असे नाव दिले. तिच्यात दोन स्वररेषा असतात. एक स्वरसप्तकातून पायरीपायरीने चढते-उतरते. दुसरी मात्र मूळ त्रिस्वरसंघातातील, म्हणजे षड्ज, गंधार व पंचम एवढेच स्वर घेते. भारतीय श्रोत्यास येथे तंबोऱ्याची आठवण व्हावी. तथापि तंबोऱ्याचा नाद स्थिर राहतो, तर येथे दुसरी रेषा पहिलीच्या प्रत्येक स्वराबरोबर ठराविक नियमाने आपला स्वर बदलते. नियम कडक आणि परिणाम मात्र सहज, हे या पद्धतीचे मर्म. १९७६ च्या डिसेंबरात वारलेल्या ब्रिटनच्या स्मृत्यर्थ त्याने लिहिलेला ‘कँटस’ (१९७७) हे तिचे सर्वांत पारदर्शक उदाहरण म्हणता येईल. तंतुवाद्यांचे गट एकच अवरोही सप्तक निरनिराळ्या गतींनी वाजवितात, प्रत्येक गट आधीच्याच्या निम्म्या वेगाने. सोबत एकच घंटा. अखेरीस तंतुवाद्ये थांबतात व घंटेचे अनुरणन तेवढे ऐकू येते. ‘फ्रात्रेस’ व दोन व्हायोलिनांचा कंचेर्तो ‘ताबुला रासा’ हेही १९७७ मधलेच. आठ वर्षे तुंबलेला प्रवाह एका वर्षात मोकळा झाला.

१९८० मध्ये पार्टने कुटुंबासह देश सोडला. प्रथम व्हिएन्ना व नंतर पश्चिम बर्लिन येथे तो राहिला. मानफ्रेट आयशरच्या ईसीएम कंपनीने १९८४ मध्ये काढलेल्या ‘ताबुला रासा’ या ध्वनिमुद्रिकेने त्याचे नाव सर्वदूर नेले. ‘पासिओ’ (१९८२), ‘ते देउम’ व ‘कानोन पोकायानेन’ (१९९७) या त्याच्या मोठ्या गायनरचना. शब्दातील अक्षरसंख्येवरून स्वररेषेची लांबी ठरविण्याची त्याची रीत त्यांत दिसते. गुरेत्स्की व टॅव्हनर यांच्यासह त्याला ‘पवित्र मिनिमलिस्ट’ म्हणण्याचा प्रघात पडला. पण तिघांचे मार्ग इतके वेगळे आहेत, की हे नाव समीक्षकांच्या सोयीचेच अधिक आहे. त्याच्या संगीताची शांतता फार सुलभ आहे, असा आक्षेपही घेतला जातो. ‘श्पीगेल इम श्पीगेल’ (१९७८) चित्रपटांतून वारंवार वापरले गेल्याने त्यास बळकटी आली. ‘क्रेदो’मधील संघर्ष ज्यांनी ऐकला, त्यांना मात्र ही शांतता स्वस्तात मिळालेली नाही, हे सांगावे लागत नाही. ‘चौथी सिंफनी’ (२००८) त्याने त्या वेळी रशियात तुरुंगात असलेल्या मिखाइल खोदोर्कोव्हस्की यास अर्पण केली.

एस्टोनिया १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. सुमारे तीस वर्षांनी, २०१० मध्ये, पार्ट मायदेशी परतला. टॅलिनजवळच्या लाउलास्मा येथील पाइनच्या वनात २०१८ मध्ये उघडलेल्या आर्व्हो पार्ट केंद्रात त्याची हस्तलिखिते व मौनकाळातील वह्या जतन केलेल्या आहेत.