लायब्ररीचा दंड विद्यार्थ्यांनी भरावा का? शिरूर-दौंडच्या उदाहरणातून समजून घ्या

टीवायचा निकाल लागला. पुढच्या अ‍ॅडमिशनसाठी टीसी हवी म्हणून तुम्ही कॉलेजच्या ऑफिसात जाता. खिडकीतून एक फॉर्म मिळतो, 'नो ड्यूज'. जिमखान्याची सही झाली, लॅबची झाली, लायब्ररीत मात्र गाडी अडते. सेकंड इयरला नेलेली दोन पुस्तकं उशिरा परत केली होती, त्याचा दंड बाकी आहे.

रक्कम कधी पन्नास रुपये असते, कधी काहीशे. पण दंड भरल्याशिवाय सही नाही आणि सही नाही तर टीसी नाही.

मग हा दंड विद्यार्थ्यांनी भरावा की नाही? सोशल मीडियावर या प्रश्नाची दोनच उत्तरं दिसतात. 'नियम म्हणजे नियम' आणि 'ही लूट आहे'. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे.

दंड नेमका कशाचा?

लायब्ररीत दोन वेगळ्या गोष्टींचे पैसे घेतले जातात. पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर त्याची भरपाई आणि पुस्तक उशिरा आलं तर विलंब शुल्क.

भरपाईबद्दल फारसा वाद नाही. पुस्तक कॉलेजचं आहे, ते गेलं तर नवी प्रत आणून द्यावी किंवा किंमत भरावी. वाद आहे तो विलंब शुल्काबद्दल. कारण इथे पुस्तक परत आलेलं असतं, फक्त तारीख उलटून गेलेली असते.

शिरूर-दौंडमध्ये तारीख का उलटते?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतली पदवी महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम आणि परीक्षा पुण्यातल्या कॉलेजसारख्याच, पण विद्यार्थ्यांचा दिवस वेगळा असतो.

न्हावऱ्याहून शिरूरला येणारा विद्यार्थी एसटीच्या वेळेवर चालतो. यवतहून दौंडला येणारी विद्यार्थिनी लोकलच्या वेळेवर. कुणी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्ट करून शिकतं, कुणाच्या घरी कांद्याची काढणी सुरू असते. कॉलेजला तास नसेल तर फक्त पुस्तक परत करायला येणं म्हणजे अर्धा दिवस आणि गाडीभाडं.

आता हिशोब करून पाहू. समजा, दंड दिवसाला एका पुस्तकामागे एक रुपया आहे. दोन पुस्तकं घेतली. परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि घरचं काम यात ७५ दिवस उलटले. दंड झाला १५० रुपये. अप्पा बळवंत चौकात त्यातलं एखादं पुस्तक जुन्या प्रतीत कदाचित एवढ्यालाच मिळेल.

कधी कधी तर चूक विद्यार्थ्याची नसतेच. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा अनेकांकडे लायब्ररीची पुस्तकं तशीच राहिली. नंतर नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप चालला. ज्या गावातून कॉलेजला फक्त एसटी जाते, तिथल्या मुलांनी पुस्तक परत करायचं कसं?

मग दंड हवाच कशाला?

लायब्ररीची बाजूही समजून घ्यायला हवी. एखाद्या संदर्भग्रंथाच्या कॉलेजमध्ये दोनच प्रती असतात आणि परीक्षेच्या तोंडावर ते पुस्तक पूर्ण वर्गाला हवं असतं. एकाने ते दोन महिने दाबून ठेवलं तर बाकीच्यांचं नुकसान होतं, आणि त्यांच्यापैकीही अनेकांना पुस्तक विकत घेणं परवडत नाही.

ग्रंथपालांवर जबाबदारी असते ती वेगळीच. स्टॉक तपासणीत पुस्तक कमी भरलं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. पण पुस्तकं वापरली जाणार, तर काही गहाळही होणार, हे सरकारनेही मान्य केलंय. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार, वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी मानलं जातं. अट एकच, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हा नियम केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी आहे, पण त्यामागचा विचार कोणत्याही कॉलेजला लागू पडतो.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम सांगतो की पुस्तकं वापरासाठी आहेत. दंडाच्या भीतीने मुलं पुस्तक नेणंच बंद करत असतील, तर या पहिल्या नियमालाच धक्का बसतो.

दंडाने पुस्तकं वेळेत परत येतात का?

दरवेळी नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढली. 'पैसे भरतोय ना' म्हटलं की अपराधीपणा संपला.

अमेरिकेत शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विलंब शुल्क रद्द केलं. त्यानंतरच्या काही आठवड्यांत परत येणाऱ्या पुस्तकांमध्ये सुमारे २४० टक्के वाढ झाल्याचं ग्रंथालयाने सांगितलं. दंडाच्या धास्तीने लोक पुस्तक घेऊन यायलाच टाळत होते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांनीही २०२१ मध्ये तोच निर्णय घेतला. पुस्तक परतच केलं नाही तर किंमत भरण्याचा नियम मात्र दोन्हीकडे कायम राहिला.

अर्थात, ही शहरांची सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. दोन प्रती आणि साठ विद्यार्थी असं गणित असलेल्या कॉलेजला हे जसंच्या तसं लावता येणार नाही.

मधला मार्ग काय?

दंड पूर्ण रद्द न करताही बरंच काही करता येतं:

- दंडाला कमाल मर्यादा ठेवायची. तो पुस्तकाच्या किमतीच्या वर जाता कामा नये.
- सुट्ट्या, संप आणि परीक्षेचे दिवस दंडातून वगळायचे.
- पुस्तकासाठी दुसरं कुणी थांबलेलं असेल तरच दंड लावायचा.
- पैशांऐवजी, पुस्तक परत येईपर्यंत नवं पुस्तक द्यायचं नाही.
- मुदत संपायच्या आधी मेसेज पाठवायचा आणि फोनवर मुदत वाढवून द्यायची.

यासाठी मोठा खर्च येत नाही. अनेक कॉलेज वापरतात त्या 'कोहा' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सवलतीचे दिवस, सुट्ट्यांचं कॅलेंडर आणि दंडाची कमाल मर्यादा या सेटिंग्ज आधीपासून आहेत. त्या फक्त भरायच्या आहेत.

तुमच्यावर वेळ आली तर काय कराल?

आधी कॉलेजचं माहितीपत्रक पाहा. दंडाचा दर त्यात लिहिलेला आहे का? युजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार, जाहीर केलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे मागितले तर विद्यार्थ्याला तक्रार करता येते. त्यासाठी प्रत्येक कॉलेजला विद्यार्थी तक्रार निवारण समिती नेमावी लागते. समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथेही समाधान झालं नाही तर लोकपालांकडे जाता येतं.

पण त्याआधी ग्रंथपालांना भेटा. उशीर का झाला ते सांगा आणि दंड माफ किंवा कमी करण्याचा साधा अर्ज प्राचार्यांच्या नावाने द्या. पैसे भरलेच तर पावती घ्यायला विसरू नका.

आणि नियमच बदलायचा असेल तर महाविद्यालय विकास समितीपुढे विषय मांडा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार या समितीवर विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष आणि सचिवांना जागा आहे.

थोडक्यात, पुस्तक परत करणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे आणि हरवलं तर भरून देणं हीसुद्धा. पण पुस्तक परत आल्यावरही केवळ उशिराच्या दंडापायी टीसी अडणार असेल, तर चुकीच्या मानाने शिक्षा मोठी झाली. आणि ती सगळ्यात जास्त भोगावी लागते ती ज्याचं गाव कॉलेजपासून लांब आहे त्याला.