मावळ्यांचा वर्ण

दिवाळी जवळ आली की परमुलखातल्या मराठी घरांत एक ठरलेली लगबग सुरू होते. अंगणाच्या कोपऱ्यात, आणि अंगण नसेल तर सरकारी निवासाच्या गच्चीवर, दगड, विटा व गोणपाट जमतात. त्यांवर चिखल थापला जातो, अळीव पेरले जातात आणि शेवटी सिंहासनाभोवती मावळे उभे राहतात. रायपुरात आम्ही हा प्रपंच पुष्कळ वर्षे केला. मावळे अर्थात पुण्याहून ट्रंकेतून यायचे आणि प्रवासात कोणाचा हात, कोणाचे नाक गमावून बसायचे. त्यांची डागडुजी करून पुन्हा रंग देणे हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे काम.

एका वर्षी शेजारचा एक छत्तीसगढी मुलगा किल्ला पाहायला आला. बराच वेळ निरखून त्याने विचारले, हे सारे शिपाई साहेबलोक होते काय? आम्ही चमकून पाहिले. खरोखरच, आमच्या हातून रंगलेला एकूण एक मावळा गुलाबी गोरा होता! सह्याद्रीच्या उन्हापावसात वाढलेल्या माणसांना हा वर्ण आम्ही कोणत्या अधिकाराने दिला? त्या प्रश्नाने आम्हाला पुस्तकांकडे वळवले.

माणसाच्या कातडीचा रंग कसा सिद्ध करावा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नटांच्या अंगाला लावायच्या रंगांचा विचार आहे. तांबडा व पिवळा एकत्र केले की गौर वर्ण होतो, असे तेथे सांगितले आहे. गौर म्हणजे पांढरा नव्हे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. मिश्रणाचे प्रमाणही दिले आहे: निळा रंग सर्वांत बलवान, म्हणून त्याचा एक भाग घेतला तर दुसऱ्याचे चार घ्यावेत. ज्याने कधी निळीचा एक थेंब जास्त पडून सबंध वाटी वाया घालवली असेल, त्याला या नियमाची थोरवी सांगायला नको.

परंतु त्याच ग्रंथात कोणत्या लोकांना कोणता रंग द्यावा, याचीही यादी आहे. शक, यवन, पहलव हे गौर. ब्राह्मण व क्षत्रिय उजळ, वैश्य व शूद्र श्याम. येथे निरीक्षण संपते आणि समाजातली उतरंड कुंचला हाती घेते. गंमत अशी की, काळ्या वर्णाच्या लोकांत भरताने दाक्षिणात्य आणि कोसल यांना एकाच पंक्तीत बसवले आहे. तेथले कोसल काशीच्या जोडीला येतात, म्हणून ते उत्तरेकडचे असावेत. तरी दक्षिण कोसलात, म्हणजे आजच्या छत्तीसगढात, नोकरीनिमित्त राहिलेल्या आम्हा दाक्षिणात्यांना हा शेजार वाचून हसू आले. आमच्या गुलाबी मावळ्यांना भरतमुनींनी रंगमंचावर पाऊल ठेवू दिले नसते.

एकोणिसाव्या शतकात ही यादी नव्या वेषात परतली. पुणे, लखनौ व कृष्णनगर येथील मातीच्या रंगीत बाहुल्यांची कीर्ती तेव्हा दूरवर पसरली होती. भिस्ती, न्हावी, शिंपी, गोसावी असे नाना धंद्यांचे लोक कारागीर हुबेहूब घडवीत. 1886 साली लंडनला भरलेल्या प्रदर्शनात हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे मांडले गेले. पुढे फॉन लुशान या मानववंशशास्त्रज्ञाने कातडीशी ताडून पाहण्यासाठी काचेच्या 36 रंगीत चकत्यांची पट्टी तयार केली. जणू माणूस म्हणजे कापडाचा नमुना! ही पट्टी पुढे शास्त्राने टाकून दिली. पण मनातली पट्टी सहजी टाकता येत नाही. राजा गोरा, सरदार गव्हाळ आणि शिपाई काळा, हा क्रम खेळण्यांच्या दुकानांत कोण आखून देतो?

रायपुरातच याचे उत्तम प्रायश्चित्त पाहायला मिळते. नांदगावचे राजे महंत घासीदास यांनी 1875 साली येथे संग्रहालय स्थापन केले; त्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन 1953 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केले. सिरपूरला 1939 साली सापडलेल्या धातुमूर्तींपैकी काही तेथे आहेत. त्या घडवणाऱ्यांनी डोळ्यांत चांदी आणि ओठांवर तांबे जडवले. अंगाचा रंग धातूचाच. पण डोळ्यांची शुभ्रता आणि ओठांची लाली एवढी दोनच स्थळे साधताच मूर्ती श्वास घेऊ लागते. सजीवपणा गोरेपणात नसून रंगांच्या परस्परसंबंधात आहे, हे आम्ही तेथे शिकलो.

उरलेले शिक्षण शहराजवळच्या माना वस्तीतल्या एका वृद्ध मूर्तिकाराने दिले. पूर्व बंगालच्या निर्वासितांची ही वस्ती. गणपती घडवणारे अनेक हात तेथे आहेत. बाबांनी आमची पांढऱ्या रंगाची बाटली प्रथम बाजूला ठेवली. अंगाचा रंग पिवळ्या मातीपासून आणि गेरूपासून सुरू करावा, असे त्यांचे म्हणणे. गडद करायचा तर काळा घालू नये, कातडी मेल्यासारखी दिसते. तपकिरीत निळ्याचा किंचित अंश घालावा. उजळ करायचा तर नुसत्या पांढऱ्याने खडू फासल्यासारखे होते. पिवळ्याची जोड हवी. बोटभर उंचीच्या बाहुलीवर रंग एक छटा अधिक काळा भासतो, म्हणून तो थोडा उजळच धरावा. मग पातळ तपकिरी पाणी डोळ्यांच्या खोबणीत व बोटांच्या फटीत उतरू द्यावे आणि नाकाचा शेंडा, गालाचे हाड, खांदा यांवर फिकट छटा ओढावी. तळवे नेहमी फिके. शेवटी ते म्हणाले, दोन माणसे कधी एका वाटीतून रंगवू नका.

मावळ्यांच्या वर्णाचा एक ऐतिहासिक पुरावाही आहे. 1664 साली सुरतेच्या इंग्रज वखारीतला धर्मोपदेशक एस्कॅलियट याने एका पत्रात, ऐकीव माहितीवरून, शिवाजीमहाराजांचे वर्णन केले. त्यात महाराज आपल्या माणसांपेक्षा उजळ होते, असा उल्लेख आहे. लोक हे वाक्य महाराजांसाठी वाचतात. आम्ही ते मावळ्यांसाठी वाचले. ज्यांच्या खांद्यावर स्वराज्य उभे राहिले ती माणसे सावळी होती, आणि त्यात उणे ते काय? ज्याच्या दर्शनाला महाराष्ट्र शेकडो मैल पायी चालतो, तो विठोबाही सावळाच आहे.

पुढच्या दिवाळीत आम्ही बारा मावळ्यांसाठी बारा वाट्या मांडल्या. गव्हाळ, तांबूस, सावळा, काळाभोर, जसा मातीचा उतारा तसा माणूस. शेजारचा मुलगा पुन्हा आला. या वेळी त्याने काही विचारले नाही. बुरुजावरच्या एका भालेकऱ्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, हा माझ्या काकासारखा दिसतो. किल्ल्याला त्याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हाला आजवर मिळालेले नाही.